फी माफ झाली, खोलीचं भाडं कोण देणार?

टोकियोच्या एदोगावा भागात मी हायस्कूलच्या मुलामुलींना गणित शिकवते. शाळेनंतरच्या अशा क्लासला इथं जुकु म्हणतात. संध्याकाळी पाचला पोरं यायला लागतात, साडेनऊला शेवटची तुकडी सुटते. नोव्हेंबर उजाडला की पालकांच्या भेटी सुरू होतात. जानेवारीच्या मध्यावर देशभरची सामायिक प्रवेश परीक्षा असते. त्याआधी कोणी कुठल्या विद्यापीठासाठी प्रयत्न करायचा ते पक्कं करायचं. टेबलाच्या एका बाजूला आई आणि मूल, दुसऱ्या बाजूला मी. वडील क्वचित येतात. मुलाची आई विचारते, ‘अजून वरच्या विद्यापीठात जमेल का?’ मुलीची आई विचारते, ‘घरून जाऊन-येऊन करता येईल असं कुठलं?’ हे दोन प्रश्न एकमेकांच्या जागी आलेले मी फार कमी वेळा ऐकले आहेत.

माझ्याकडे एका घरातली दोन भावंडं शिकली. थोरली मुलगी, धाकटा मुलगा. मुलीचं गणित पक्कं. उत्तर आलं की ती पेन खाली ठेवायची नाही, दुसऱ्या रीतीनं तेच उत्तर येतं का ते करून पाहायची. तिला सेंदाईच्या तोहोकु विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकायचं होतं. टोकियोहून सेंदाई शिंकान्सेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, दीड तासावर. सराव परीक्षांतले गुण पाहता प्रवेश तिच्या आवाक्यात होता. आई म्हणाली, ‘सेन्सेइ (म्हणजे शिक्षिका), ती हुशार आहे हे आम्हालाही कळतं. पण मुलगी आहे हो. एवढ्या लांब एकटीनं खोली घेऊन राहायचं आणि भौतिकशास्त्र शिकून पुढे करायचं काय? नर्सिंग केलं तर हाताला काम राहील. लग्न होऊन कुठंही गेली तरी उपयोगी पडेल.’ मुलगी काही बोलली नाही. ती घराजवळच्या कॉलेजात नर्सिंगला गेली. नर्सिंग हे काही कमी प्रतीचं शिक्षण नाही, ज्या मुलीला ते मनापासून हवं असतं तिला मी स्वतः त्याची तयारी करून देते. हिला ते नको होतं.

दोन वर्षांनी भाऊ परीक्षेला बसला. त्याला पहिल्या खेपेला हवं ते विद्यापीठ मिळालं नाही. घरच्यांनी त्याला वर्षभर प्रवेश परीक्षेच्या खास क्लासला घातलं. असं वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देणाऱ्याला इथं रोनिन म्हणतात. त्या क्लासची वर्षाची फी दहा लाख येनांच्या घरात जाते, म्हणजे सरकारी विद्यापीठाच्या वर्षाच्या फीच्या जवळपास दुप्पट. पुढच्या वर्षी तो साप्पोरोला गेला. तिथं बहुतेक जण विमानानंच जातात. त्याच आईनं सोबत जाऊन त्याला खोली पाहून दिली, भाताचा कुकर आणि फ्रिज घेऊन दिला.

तेव्हा घरात पैसे नव्हते असं नाही. मुलीसाठी काढायचे पैसे कुठल्या कामाला लागतील आणि मुलासाठी काढायचे कुठल्या, याचा हिशेब आधीच झालेला होता. त्या माउलीचं लेकीवर प्रेम कमी होतं असंही मी म्हणणार नाही. तिनं आजूबाजूला पाहून हिशेब केला आणि या देशात आज जे चालतं ते धरलं तर तो हिशेब बरोबरच येतो. माझं भांडण आहे ते या बरोबर येण्याशी.

जपान गरीब नाही. शाळा गळती जवळपास नाही, पंचाण्णव टक्क्यांहून अधिक मुलं-मुली हायस्कूलमध्ये जातात आणि पंधराव्या वर्षी घेतलेल्या आंतरराष्ट्रीय गणित चाचण्यांत जपानच्या मुली जगातल्या बहुतेक देशांच्या मुलग्यांपेक्षा पुढे असतात. तरीही चार वर्षांच्या पदवीला जाणाऱ्यांत मुली मागे आहेत. २०२० साली मुलग्यांतले ५७.७ टक्के पदवीच्या विद्यापीठात गेले, मुलींतल्या ५०.९ टक्के. नंतर दोन्ही आकडे वाढले, पण मुली मागेच राहिल्या. बहुतेक श्रीमंत देशांत आता पदवीला मुलीच जास्त असतात. आपल्या भारतातही केंद्र सरकारच्या २०२१-२२च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात मुलींचं प्रवेशाचं प्रमाण २८.५ टक्के आणि मुलग्यांचं २८.३ होतं. एकूण प्रमाण आपलं निम्म्यानं कमी, हे खरं. पण जे काही आहे त्यात मुलगी मुलाच्या बरोबरीला आली आहे. हे मी इथल्या आयांना सांगते तेव्हा त्या माझ्याकडे नुसत्या पाहत राहतात.

हा हिशेब कुठून आला ते समजायला आमच्या क्लासच्या ऑफिसात बसणाऱ्या बाईंची गोष्ट सांगते. त्या मूळच्या दक्षिणेच्या कागोशिमाच्या. हायस्कूल संपलं १९८८च्या सुमारास. त्यांना इतिहास शिकायचा होता, फुकुओकाला जाऊन. वडील म्हणाले, दोन वर्षांचं ‘तांदाइ’ कर, घरून जा. तांदाइ म्हणजे दोन वर्षांची पदविका देणारं छोटं कॉलेज, जवळजवळ सगळ्या मुलीच. त्या काळी हाच मुलींचा राजमार्ग होता. १९९० साली चार वर्षांच्या पदवीला मुलींतल्या फक्त १५ टक्के जात होत्या, तांदाइला २२ टक्के. मुलगे मात्र ३३ टक्के पदवीलाच. वडिलांचं म्हणणं त्या काळापुरतं शहाणपणाचंच होतं, कारण कंपन्यांना ऑफिसकामासाठी विसाव्या वर्षी येणारी, आईवडिलांकडे राहणारी, लग्न होईपर्यंत चार-पाच वर्षं काम करणारी मुलगी हवी असे. बाविसाव्या वर्षी पदवी घेऊन आलेली, परगावात एकटी राहणारी मुलगी नको असे. जास्त शिकलं तर दार बंद व्हायचं. असल्या बाजारात लेकीला चार वर्षं शिकवणारा बाप खुळा ठरला असता.

बाईंना बँकेत नोकरी लागली, लग्न ठरल्यावर त्यांनी ती सोडली, नवऱ्याच्या बदलीबरोबर त्या टोकियोला आल्या. आता मुलं मोठी झाली, त्या आमच्याकडे तासांवर काम करतात. नोव्हेंबर-डिसेंबरात मी पालकांना भेटत असते तेव्हा त्या पलीकडच्या टेबलावर पुढ्यात कॅलेंडर घेऊन स्वतःचे तास मोजत असतात. वर्षाची कमाई १३ लाख येनांच्या वर गेली की नवऱ्याच्या आरोग्यविम्यातून आणि पेन्शनमधून नाव निघतं, स्वतःचा हप्ता भरावा लागतो आणि हातात येणारी रक्कम उलट कमी होते. म्हणून ऐन परीक्षेच्या धामधुमीत, आम्हाला त्यांची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हा, त्या रजा घेतात. ऑक्टोबर २०२४मध्ये टोकियोतलं किमान वेतन तासाला १,१६३ येन झालं. पगार वाढला म्हणून कुणालाही आनंद व्हावा. बाईंनी मात्र त्याच दिवशी आठवड्याचे तास कमी करून मागितले. अशा इथं लाखो बायका आहेत.

या नियमाचा जन्मही लक्षात ठेवण्यासारखा आहे. नोकरीत स्त्री-पुरुषांना समान संधी देणारा कायदा जपानच्या संसदेनं १९८५ साली केला. त्याच वर्षी पेन्शनचा कायदाही बदलला आणि नोकरदाराच्या, मर्यादेच्या आत कमावणाऱ्या बायकोला स्वतः हप्ता न भरता पेन्शन मिळेल अशी सोय केली. दोन्ही कायदे एप्रिल १९८६ला लागू झाले. एका कायद्यानं बाईला कामावर बोलावलं, दुसऱ्यानं तिला कमी कमावण्याचं बक्षीस दिलं. कंपन्यांनी समान संधीच्या कायद्यातूनही वाट काढली: बढतीच्या आणि बदलीच्या नोकऱ्या वेगळ्या, ऑफिसातल्या साहाय्यकाच्या वेगळ्या. कुणाला कुठे घातलं ते सांगायला नको. आज जपानमध्ये पंधरा ते चौसष्ट वयाच्या सत्तर टक्क्यांहून अधिक स्त्रिया काम करतात, म्हणजे काम मिळत नाही असं नाही. पण कायम नोकरीतल्या स्त्रियांचं प्रमाण पंचविशी-तिशीच्या दरम्यान सर्वात वर असतं आणि तिथून ते उतरत जातं. पुढची कामं तासांवरची, कंत्राटी. पूर्णवेळ काम करणाऱ्यांतही बाईचा पगार पुरुषापेक्षा वीस टक्क्यांहून अधिक कमी आहे. ही दरी श्रीमंत देशांच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट आहे. आता सांगा, चार वर्षांची फी आणि चार वर्षांचं खोलीभाडं घालून लेकीला भौतिकशास्त्र शिकवायचं, आणि तिनं पस्तिसाव्या वर्षी कॅलेंडर घेऊन तास मोजायचे. आई कचरणार नाही तर काय करणार?

खोलीभाड्याकडे मी पुन्हा पुन्हा येते, कारण फीपेक्षा जास्त मुली मी या खोलीपायी अडलेल्या पाहिल्या आहेत. सरकारी विद्यापीठाची फी वर्षाला ५,३५,८०० येन, म्हणजे साधारण तीन लाख रुपये. २००५पासून हीच रक्कम प्रमाण मानली जाते. टोकियो विद्यापीठानं २०२५पासून ती वाढवून ६,४२,९६० केली. खासगी विद्यापीठांची याहून बरीच जास्त. ही फी मुलाला आणि मुलीला सारखीच. खोली मात्र सारखी नाही. मुलासाठी तळमजल्यावरची, स्टेशनपासून वीस मिनिटांची जुनी खोलीही चालते. मुलीसाठी आई म्हणते: खोली दुसऱ्या मजल्याच्या वर पाहिजे, इमारतीचं मुख्य दार आपोआप कुलूपबंद होणारं पाहिजे, स्टेशनपासून पाच-सात मिनिटांत पाहिजे, रस्त्यावर दिवे पाहिजेत. यातली एकही अट अवास्तव नाही, मी आई असते तर मीही हेच मागितलं असतं. पण प्रत्येक अटीमागे महिन्याचं भाडं काही हजारांनी चढतं. मग बाहेरगावचं सरकारी विद्यापीठ महाग ठरतं आणि घराजवळचं, जे असेल ते कॉलेज स्वस्त. वर रोनिनचं वर्ष मुलीला कुणी सहसा देत नाही. वय वाढतं, ही भीती. त्यामुळे ती खात्रीनं मिळेल तिथंच अर्ज भरते. एका गुणानं हुकण्याची जोखीम भाऊ घेऊ शकतो, बहिणीला ती चैन परवडत नाही.

टोकियो विद्यापीठाच्या पदवीच्या वर्गांत आजही पाचात एकच मुलगी असते. त्या विद्यापीठानं २०१७पासून दुरून येणाऱ्या विद्यार्थिनींसाठी शंभरेक सुरक्षित खोल्या ठरवून महिन्याला ३०,००० येन भाड्याची मदत सुरू केली. केवढी ओरड झाली! मुलग्यांवर अन्याय, समान वागणुकीला हरताळ, वगैरे. मला तो निर्णय त्या विद्यापीठानं अलीकडे घेतलेल्या निर्णयांत सगळ्यात समंजस वाटतो. मुलींच्या संख्येवर भाषणं करण्याऐवजी त्यांनी आईच्या हिशेबातला एक आकडा बदलला.

भाषणंही हवीत, नाही असं नाही. २०१९च्या एप्रिलमध्ये समाजशास्त्रज्ञ उएनो चिझुको यांनी त्याच विद्यापीठाच्या प्रवेश समारंभात नव्या विद्यार्थ्यांपुढे रोखठोक सांगितलं, की इथल्या मुलींना आपण कुठे शिकतो ते लपवावं लागतं; विचारलं तर त्या ‘टोकियोतल्या एका विद्यापीठात’ असं मोघम उत्तर देतात, कारण फार हुशार मुलगी नको असते. त्याच भाषणात त्यांनी आदल्या वर्षीच्या प्रकरणाचाही उल्लेख केला. २०१८च्या ऑगस्टमध्ये उघड झालं की टोकियो वैद्यकीय विद्यापीठ प्रवेश परीक्षेत मुलींचे गुण वर्षानुवर्षं गुपचूप कमी करत होतं. बाया डॉक्टर झाल्या तरी बाळंतपणानंतर काम सोडतात, हे त्याचं कारण. मग सरकारनं तपास केला तेव्हा आणखीही वैद्यकीय विद्यापीठं त्यात सापडली. त्या वर्षी माझ्या वर्गात वैद्यकीयची तयारी करणाऱ्या मुली होत्या. त्यातली एक म्हणाली, ‘सेन्सेइ, गेल्या वर्षी मी नापास झाले ती मी झाले की मला केलं?’ या प्रश्नाला गणिताच्या शिक्षिकेकडे उत्तर नव्हतं. तीन वर्षांनी, २०२१च्या प्रवेशात, देशभरच्या वैद्यकीय विद्यापीठांत मुलींच्या उत्तीर्णतेचं प्रमाण १३.६० टक्के आणि मुलग्यांचं १३.५१ निघालं. असं पहिल्यांदाच घडलं. मुली तीन वर्षांत हुशार झाल्या नाहीत, त्या आधीही होत्याच. फक्त तराजूवरचं बोट निघालं.

गणिताच्या बाबतीत तर मला जास्तच लागतं. हायस्कूलच्या पहिल्या वर्षाच्या अखेरीस इथं मुलांना कला की विज्ञान ते निवडावं लागतं. पंधरा-सोळा वर्षांचं वय. माझ्या वर्गात त्या वर्षापर्यंत मुली निम्म्या असतात. निवड झाली की विज्ञानाच्या तुकडीत एका बाकावर मावतील एवढ्याच उरतात. ज्यांचे गुण चांगले होते त्याही जातात. कागोशिमाचे तेव्हाचे गव्हर्नर इतो युइचिरो २०१५ साली जाहीर बैठकीत म्हणाले होते, की मुलींना साइन, कोसाइन शिकवून उपयोग काय, त्यापेक्षा फुलाझाडांची नावं शिकवावीत. गदारोळ झाला आणि त्यांनी शब्द मागे घेतले. आमच्या ऑफिसातल्या बाई त्या दिवशी पेपर घडी करून म्हणाल्या, ‘माझे वडीलही हेच म्हणायचे, फक्त त्यांचं पेपरात यायचं नाही.’

टोकियो तंत्रज्ञान संस्थेनं, म्हणजे आत्ताच्या सायन्स टोकियोनं, २०२४च्या प्रवेशापासून मुलींसाठी राखीव जागा ठेवल्या. दोन टप्प्यांत मिळून १४३. नारा महिला विद्यापीठानं २०२२ला अभियांत्रिकीची शाखा काढली, जपानच्या महिला विद्यापीठांतली ती पहिली. राखीव जागांवर मुलग्यांचे पालक माझ्यापाशी चिडून बोलतात. मी त्यांना सांगते, तुमच्या मुलानं रोनिन होऊन जे वर्ष घेतलं ती पण एक राखीव जागाच होती, फक्त ती घरानं दिली होती. माझ्या या बोलण्यानं एक-दोन पालकांनी मुलं दुसऱ्या क्लासला नेली. नेऊ देत.

गंमत अशी नाही, दुःख असं आहे, की सुरुवात इथं फार लवकर झाली होती. तोहोकु विद्यापीठानं १९१३ साली तीन मुलींना प्रवेश दिला: कुरोदा चिका, तांगे उमे आणि माकिता राकु. जपानच्या साम्राज्य विद्यापीठांत पाऊल टाकणाऱ्या त्या पहिल्या. शिक्षण मंत्रालयानं पत्र पाठवून विद्यापीठाला खुलासा विचारला, विद्यापीठानं माघार घेतली नाही. कुरोदा चिका रसायनशास्त्रज्ञ झाल्या. वनस्पतींतल्या रंगांवर त्यांचं मोठं काम आहे. कांद्याच्या सालीतल्या द्रव्यापासून त्यांनी रक्तदाबाचं औषधही करून दाखवलं. माझ्या विद्यार्थिनीला जायचं होतं ते हेच विद्यापीठ, शंभरावर वर्षांनंतर.

मराठी माणसाला तर या इतिहासाशी जवळचं नातं आहे. नारुसे जिन्झो यांनी १९०१ साली टोकियोत जपान महिला विद्यापीठ काढलं. त्याची माहितीपुस्तिका धोंडो केशव कर्व्यांच्या वाचनात आली आणि १९१५च्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी ते विद्यापीठ उभं राहिलं. विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी देऊन त्याला आपल्या आईचं नाव दिलं, तेच आजचं एसएनडीटी. नारुसेंचा आग्रह होता की मुलीला आधी माणूस म्हणून शिकवा, मग स्त्री म्हणून, मग नागरिक म्हणून. तो क्रम मला आजही पटतो. सरकारचा क्रम मात्र वेगळा होता. १८९९च्या हुकुमानं मुलींची जी माध्यमिक विद्यालयं निघाली त्यांत गणित कमी आणि शिवण जास्त, कारण घडवायची होती ती चांगली पत्नी आणि शहाणी आई. आज क्लासमध्ये आलेली आई ‘नर्सिंग बरं’ म्हणते तेव्हा त्या हुकुमाचा अंश तिच्या बोलण्यात असतो, तिला ठाऊक असो वा नसो.

जपानची पाच हजार येनांची नोट २०२४च्या जुलैत बदलली. आधी तिच्यावर लेखिका हिगुची इचियो होत्या. मुलीला जास्त शिकवून काय करायचं, या आईच्या मतामुळे त्यांची शाळा अकराव्या वर्षी सुटली. आता त्या नोटेवर त्सुदा उमेको आहेत. सहाव्या वर्षी, १८७१ साली, सरकारनं त्यांना अमेरिकेत शिकायला पाठवलं आणि १९०० साली त्यांनी मुलींसाठी इंग्रजीची शाळा काढली. तिचंच आज त्सुदा विद्यापीठ झालं आहे. मी वर्गात दोन्ही नोटा शेजारी ठेवून मुलींना दाखवल्या. दोघींच्या वयात आठ वर्षांचंही अंतर नाही. एकीचं शिक्षण घरानं थांबवलं, दुसरीचं सरकारी खर्चानं झालं. बुद्धी दोघींकडे होती.

आता आपल्याकडे. मी तासगाव तालुक्यातल्या एका गावची. बारावीपर्यंत एसटीनं सांगलीला जाऊन-येऊन शिकले, बी.एस्सी.ही तसंच केलं. एम.एस्सी.साठी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात जायचं ठरलं तेव्हा घरात चार दिवस कुणी नीट जेवलं नाही. माझी आई फार शिकलेली नव्हती. ती वडिलांबरोबर कोल्हापूरला आली, मुलींच्या वसतिगृहाचं फाटक पाहिलं, रेक्टर बाईंशी बोलली, रात्री किती वाजता दार लावता ते विचारलं आणि परतीच्या गाडीत वडिलांना म्हणाली, ‘राहू दे तिला.’ फी तेव्हा फार नव्हतीच. वसतिगृहात जागा मिळाली नसती तर मी आज गणित शिकवत नसते, हे मला स्वच्छ दिसतं. माझ्या बरोबरीच्या ज्या मुलींची नावं यादीत खाली राहिली त्यांची लग्नं त्याच उन्हाळ्यात झाली.

म्हणून जुलै २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारनं ठरावीक प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली, तेव्हा मला इथं बसून आनंद झाला, आणि काळजीही वाटली. फी हा हिशेबातला एक आकडा. जत किंवा आटपाडीच्या मुलीला पुण्यात अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला, फी शून्य झाली, तरी कॉट बेसिसवरची जागा, मेसचा डबा, दिवाळीला घरी येण्याजाण्याचा खर्च आणि ‘तिथं तिच्यावर लक्ष कोण ठेवणार’ हा प्रश्न शिल्लकच. एसटीचा मुलींचा मोफत पास बारावीला संपतो. म्हणजे नेमकं जिथून लांब जायचं तिथून तिकीट सुरू होतं. वसतिगृहासाठी भत्त्याच्या योजना आहेत, पण महिन्याच्या महिन्याला भाडं मागणारा घरमालक सरकारी हप्त्याची वाट पाहत नाही. आणि भत्त्यानं खोली मिळते, पण माझ्या आईनं पाहिलं होतं तसलं फाटक मिळत नाही.

दुसरी काळजी नोकरीची. आपल्या मुली विज्ञान-तंत्रज्ञानाला मोठ्या संख्येनं जातात, तिथल्या पदवीधरांत चाळीस टक्क्यांहून जास्त मुली आहेत. इथल्या लोकांना हे ऐकून नवल वाटतं. इथल्या निशी-कासाई भागातल्या मराठी घरांतही मी पाहते, मुलीनं इंजिनीअर व्हावं म्हणून आई-बाप जिवाचं रान करतात. पण त्याच घरातली बी.ई. झालेली सून नवऱ्याच्या व्हिसावर येऊन वर्षानुवर्षं घरात असते. जपाननं बायकांना काम दिलं आणि ते लहानसं ठेवलं; आपण पदवी दिली आणि कामाचं बोलणंच टाळलं. पदवीनंतर मुलगी कमावत नाही असं एका पिढीनं पाहिलं, की पुढच्या पिढीची आई जपानी आईसारखाच हिशेब करायला लागेल. आज आपल्या मुली मुलांच्या बरोबरीला आहेत, ते कायमचं आहे असं समजू नये.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी, जिथं व्यावसायिक महाविद्यालयं आहेत तिथं, मुलींसाठी सरकारी वसतिगृहं बांधावीत आणि फी माफीच्या यादीत नाव आलं की खोलीचं पत्रही त्याच दिवशी हातात पडावं. एसटीचा मोफत पास पदवीपर्यंत चालू ठेवावा. एक वर्ष थांबून पुन्हा सीईटी किंवा नीट देणाऱ्या मुलीलाही त्या वर्षी वसतिगृहात आणि अभ्यासिकेत जागा द्यावी. तिनं ते वर्ष मागितलं तर घरचे ‘नाही’च म्हणतात, तिथं सरकारनं ‘हो’ म्हणावं. आणि २०२४ला या सवलतीत प्रवेश घेतलेल्या मुलींपैकी किती घरून ये-जा करतात, किती वसतिगृहात राहतात, किती जणींनी मध्येच सोडलं आणि कुठल्या सत्राला सोडलं, हे तालुकावार आकडे उच्च व तंत्रशिक्षण विभागानं दरवर्षी जाहीर करावेत.